सहा तास आणि गृहपालाची किल्ली



हा लेख वृषणांविषयी आहे. गावात ज्याला आपण गोटी म्हणतो ती. शब्द वाचूनच कोणी तोंड फिरवत असेल, तर त्याने तर हा लेख वाचलाच पाहिजे.

वृषण एका दोरीला टांगलेले असते आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्या दोरीतूनच जातात. काही मुलांमध्ये ते आतून नीट बांधलेले नसते, घंटेच्या लोलकासारखे मोकळे हलते. मग एखाद्या रात्री झोपेत, नाहीतर कबड्डी खेळताना दोरीला पीळ पडतो आणि रक्त थांबते. डॉक्टर याला टॉर्शन म्हणतात. ते कोणत्याही वयात होऊ शकते, पण सगळ्यात जास्त १२ ते १८ या वयात होते. एका बाजूला अचानक असह्य कळ येते, मळमळते, उलटी होते, ती गोटी वर चढल्यासारखी वाटते. कधी दुखणे ओटीपोटात जाणवते, आणि पोरगा लाजेने तेवढेच सांगतो. मग घरी बेंबी सरकली म्हणून तेल चोळतात, नाहीतर नाक्यावरचा डॉक्टर इन्फेक्शन समजून गोळ्या देतो. कळ सुरू झाल्यापासून सहा तासांत पीळ सोडवला तर दहापैकी नऊ वेळा वृषण वाचते. बारा तासांनी हे प्रमाण निम्म्यावर येते. २४ तास उलटले की बहुतेक वेळा ते काढूनच टाकावे लागते.

हे सहा तास सगळ्यांना सारखे मिळतात का? ज्याच्या घरात डॉक्टर काका आणि दारात गाडी आहे, त्याला मिळतात. आमच्यातले कितीतरी जण समाजकल्याणच्या वसतिगृहांत वाढले, तिथला हिशेब मांडू. रात्री दोनला कळ उठते. फाटकाला कुलूप, किल्ली गृहपालाकडे, आणि गृहपाल मुक्कामाला नाहीत. असले तरी काय सांगायचे? खोलीतली पोरे हसतील. "मर्द असून रडतो काय?" पोरगा पाय पोटाशी घेऊन पडून राहतो. सहाला फाटक उघडते, म्हणजे चार तास गेले. नऊला ओपीडी, केसपेपरची रांग. सात तास झाले, आणि डॉक्टरांनी अजून त्याला पाहिलेलेही नाही. त्यापुढे चिठ्ठी मिळते: जिल्ह्याला न्या.

त्या चिठ्ठीबद्दल आमचा खरा राग आहे. ही शस्त्रक्रिया करायला मुंबईचा मूत्ररोगतज्ज्ञ लागत नाही, साधा जनरल सर्जन ती करू शकतो. पण ग्रामीण रुग्णालयात पुष्कळदा सर्जन असतो तर भूलतज्ज्ञ नसतो, आणि दोघे असले तरी सोनोग्राफीवाला उद्या येणार असतो. लक्षणे स्पष्ट असतील तर सोनोग्राफीसाठी थांबायचे नसते. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार वेळेवर दिले नाहीत, तर तो कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. रेल्वेतून पडलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले, त्यावरचा तो निकाल. आम्ही संविधानाची उद्देशिका तोंडपाठ म्हणतो. हा निकाल किती शाखांच्या भिंतीवर आहे?

कोणी म्हणेल, शिष्यवृत्ती अडकली, नोकरभरती बंद आहे, आणि तुम्ही हे काय काढले? चळवळीने असले विषय बोलावेत का? त्यांना १९३४ ची आठवण देतो. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, पण उभे राहिले. शरीराबद्दल बोलणे घाण, ही शिकवण ज्यांची आहे त्यांची आपल्याला चांगली ओळख आहे. आणि ती आपल्याच घरात इतकी मुरली आहे की पोरगा बापालाही सांगत नाही.

भीती आणखी एक असते: गोटी गेली की बाप होता येणार नाही. दुसरी चांगली असेल तर बहुतेकांना होता येते. या भीतीने दुखणे लपवणाऱ्याची मात्र तीही धोक्यात असते, कारण आतली बांधणी सहसा दोन्ही बाजूंना सैल असते. म्हणून ऑपरेशनमध्ये दुसरी बाजूही टाके घालून पक्की करतात. ती केली का, हे डॉक्टरांना विचारा. कळ येऊन आपोआप थांबली, असे कोणाला पूर्वी झाले असेल, तर त्यानेही लगेच दाखवून घ्यावे. पीळ सुटतो तसा पुन्हा पडतो.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक वसतिगृहात आणि आश्रमशाळेत रात्री किल्ली मुक्कामी माणसाकडेच असावी. पोराने "खाली दुखतंय" म्हटले की प्रश्न न विचारता १०८ ला फोन लागावा. आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री सर्जन व भूलतज्ज्ञ दोघेही असतात, ते फळ्यावर लिहिलेले असावे. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना निवेदन द्यायला पुढच्या वेळी जाल, तेव्हा शिष्यवृत्तीच्या खाली हेही लिहा. आणि आज रात्री वसतिगृहातल्या धाकट्या भावाला फोन करून विचारा, किल्ली कोणाकडे असते?