न्यायाचा जमाखर्च

सामाजिक न्यायाचा प्रश्न राजकारणात आणावा की न आणावा, हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. 1895 साली पुण्यास राष्ट्रीय सभा भरली, तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषदेस जागा द्यावी की नाही यावरून केवढे रण माजले, हे जाणत्या वाचकांस ठाऊक आहेच. अखेर परिषदेस आपला मांडव निराळा घालावा लागला. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, पण वाद मिटलेला नाही. आजही कित्येक सभ्य गृहस्थांचे म्हणणे असे की, जातीपातीची गाऱ्हाणी राजकारणात आणल्याने दुही माजते. राजकारणाने रस्ते, पाणी आणि व्यापार एवढेच पाहावे.

हा आक्षेप प्रामाणिक असेल; पण तो आम्हांस पटत नाही. रस्ता कोणत्या वाडीपर्यंत न्यावयाचा आणि नळ कोणत्या आळीत अगोदर यावयाचा, हे ठरविणे यालाच तर राजकारण म्हणतात. शाहूवाडी तालुक्यातील डोंगरकपारीच्या धनगरवाड्यांस विचारावे, म्हणजे याचा अर्थ कळेल. जेथे वाटणी आली, तेथे न्यायाचा प्रश्न आलाच. दुही आधीचीच असते. गाऱ्हाणे सांगणारा ती बोलून दाखवितो, इतकेच.

या बाबतीत करवीरकरांस दूर जाण्याचे कारण नाही. 26 जुलै 1902 रोजी श्रीशाहू छत्रपतींनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांस देण्याचा हुकूम काढला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच हुकुमातील एका कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचे पत्रक दर तिमाहीस सादर करावे, असे त्यात फर्माविले होते. महाराजांचे खरे मर्म येथे आहे. दान देऊन ते थांबले नाहीत. त्यांनी हिशेब मागितला. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हाही मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. 1919 साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम दिला. यांतील एकही गोष्ट सत्तेवाचून, म्हणजे राजकारणावाचून, झाली असती काय?

मात्र दुसऱ्या पक्षासही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. हल्ली सर्वच पक्ष शाहू, फुले, आंबेडकर यांची नावे घेतात; 26 जूनला पुतळ्यांस हार पडतात. पण नाव घेणे निराळे आणि हिशेब देणे निराळे. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात! ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा 15 टक्के भाग मागासवर्गीयांच्या हितार्थ खर्चावा, असा नियम आहे. तो गतवर्षी कोणत्या कामावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उठून विचारणारे किती? राखीव जागा किती वर्षे रिकाम्या पडल्या, वसतिगृहात किती मुलांस जागा नाकारली, याची पत्रके मागणारे किती? ज्या न्यायाचा हिशेब होत नाही, तो मते मागण्याचे भांडवल होऊन बसतो. आणि त्याचे व्याज भलताच खातो.

मलकापूरच्या पेठेतील व्यापारी बंधूंस आमचे सांगणे एवढेच की, जी खतावणी तुम्ही दुकानात रोज तपासता, तीच दृष्टी सार्वजनिक कामात आणा. आणि तपासणी घरापासून सुरू करा: आपल्या गादीवर, आपल्या पतपेढीच्या पंचांत, कोणत्या समाजाचा मनुष्य आजवर बसलाच नाही?

25 नोव्हेंबर 1949 रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत बजाविले होते की, मतात समता आणि संसारात विषमता ही विसंगती फार काळ टिकू दिली, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. मत मागण्यास दारी येणाऱ्या उमेदवारास म्हणून भाषण विचारू नका. तिमाहीचे पत्रक विचारा. ते ज्याच्यापाशी नसेल, त्याने शाहू महाराजांचे नाव घेण्याचा अधिकार गमावला, असे आम्ही समजतो.