तळघरातली बिअर आणि आडवी बाटली

गेल्या महिन्यात प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते. संध्याकाळी दोघी मैत्रिणींनी आग्रहानं एका पबमध्ये नेलं. जागेवरच बिअर बनवून विकणारी ही ठिकाणं पुण्यात २००९ साली ‘डूलाली’पासून सुरू झाली. समोर जर्मन पद्धतीची ‘केलरबिअर’ आली. केलर म्हणजे तळघर. गारव्यात मुरवलेली, न गाळलेली, म्हणून गढूळ. मी अर्धा ग्लास प्यायले. पावासारखा वास, चव कडसर. आजूबाजूला मुली निवांत बसल्या होत्या, कुणी वळून बघत नव्हतं.

बीडला परतल्यावर बैठकीत हे सांगितलं. सगळ्या गप्प. मग एकजण म्हणाली, “ताई, तुम्हीच असं केलंत तर आम्ही दारूबंदीचं कुठल्या तोंडानं बोलायचं?”

प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण मैत्रिणींनो, आपलं भांडण नेमकं कशाशी आहे? जर्मनीत एकेकाळी घरची बिअर बायकाच करत. मार्टिन ल्यूथरची बायको काटारीना त्यात तरबेज होती. धंदा वाढला तसा तो पुरुषांच्या हाती गेला. आपल्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल मात्र नवऱ्याच्या हातात. तिच्या वाट्याची मजुरी तिला न विचारता गुत्त्यावर जाते आणि रात्री मारही तिलाच. पबमधली मुलगी स्वतःच्या पैशानं पीत होती, नको वाटलं तर उठून जाऊ शकत होती. (मारणारे नवरे तिथंही येत असणारच, ते वेगळं.) भांडण या पैशाशी आणि या माराशी आहे. ‘पिणारी बाई वाईट’ असं आपणच म्हणू लागलो, तर उद्या तीच भाषा उशिरा घरी येणाऱ्या, नवऱ्याला सोडलेल्या बाईवर उलटेल.

त्यापेक्षा मतदानाचं बघा. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं. पण परवान्याचं दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. दसरा-दिवाळीनंतर आपल्या अर्ध्या बाया कारखान्यांवर. त्यांची गैरहजेरी आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात पडते. हे माझ्याही उशिरा लक्षात आलं.

बैठकीत शेवटी यावरच बोलणं झालं. बाया एप्रिल-मेमध्ये परततात. मतदान तेव्हाच लागेल अशा बेतानं सह्या गोळा करायच्या ठरल्या आहेत.