रोजची इंग्रजी : 'विथहेल्ड' म्हणजे नापास नव्हे!



प्रवेशाचे दिवस आले की माझ्या फोनवर नातेवाइकांचे मेसेज वाढतात. मी इंग्रजीत बीए केलं, म्हणजे कॉलेजचा प्रत्येक फॉर्म मला समजतो अशी सगळ्यांची खात्री आहे. परवा मावशीचा फोन आला. मावसबहीण जबलपूरला बीएला प्रवेश घेते आहे.

"अगं, फॉर्मवर मेजर विचारतायत, मायनर विचारतायत. मायनर म्हणजे अठरा वर्षांखालची ना? ही तर मार्चमध्येच अठराची झाली!"

मी हसले. मग माझीच गोष्ट आठवली आणि हसू थांबलं.

पहिल्या वर्षाचा निकाल मी मोबाईलवर पाहिला होता. नावापुढे पास नव्हतं, फेल नव्हतं. 'विथहेल्ड' असं लिहिलं होतं. 'विथ' म्हणजे सोबत, 'हेल्ड' म्हणजे धरलेलं. सोबत धरलेला निकाल? वर्गात आम्ही शेक्सपिअर वाचत होतो आणि स्वतःच्या निकालावरचा एक शब्द मला कळत नव्हता. नापासच असणार असं समजून मी चार दिवस गप्प बसले. आईने विचारलं तर "सर्व्हर डाऊन आहे" म्हणाले.

पाचव्या दिवशी एका सीनियर ताईला सांगितलं. ती म्हणाली, "वेडे, निकाल रोखून ठेवलाय. इंटर्नलचे मार्क पोहोचले नसतील." तसंच निघालं. एक अर्ज दिला आणि काही दिवसांत निकाल लागला. मी पास होते. पण या सगळ्यात पुढच्या वर्षाच्या फॉर्मची तारीख गेली आणि लेट फी भरावी लागली. बाबा पैशांबद्दल काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "विचारायचं तरी होतंस."

म्हणून आजचे शब्द कॉलेजचे. जबलपूरच्या मराठी घरांत आपण मराठी बोलतो, गल्लीत आणि वर्गात हिंदी, आणि फॉर्म, मार्कशीट, ईमेल इंग्रजीत येतात. तीन भाषांच्या मधल्या फटीत अर्थ कधी निसटतो ते कळतही नाही.

साहेब कोण, मोठे साहेब कोण?

पचपेढीचं आपलं विद्यापीठ 1956 साली सुरू झालं आणि 1983 पासून राणी दुर्गावतींच्या नावाने ओळखलं जातं. तिथे अनेक वर्षं 'कुलपती' म्हणजे व्हाइस चान्सलर. नागपूरच्या काकांना मात्र कुलपती म्हटलं की राज्यपाल आठवतात, कारण महाराष्ट्रात चान्सलरला कुलपती आणि व्हाइस चान्सलरला कुलगुरू म्हणतात. मध्य प्रदेशात राज्यपालांना 'कुलाधिपती' म्हणतात. 2024 साली मध्य प्रदेशानेही व्हाइस चान्सलरसाठी 'कुलगुरू' हा शब्द घेतला, त्यामुळे हा एक गोंधळ तरी मिटला.

इंग्रजीतला 'व्हाइस' ऐकून हे पद दुय्यम वाटतं. पण विद्यापीठाचा रोजचा कारभार व्हाइस चान्सलरच चालवतात. कागदपत्रं आणि कार्यालय ज्यांच्याकडे असतं ते 'रजिस्ट्रार', म्हणजे कुलसचिव.

'फॅकल्टी' हा शब्दही जपून वापरा. आपण म्हणतो, "आमची मॅथ्सची फॅकल्टी छान शिकवते." इंग्रजीत फॅकल्टी म्हणजे सगळा अध्यापकवर्ग किंवा आख्खी विद्याशाखा. एका व्यक्तीबद्दल बोलायचं तर 'टीचर', 'लेक्चरर' किंवा 'प्रोफेसर' म्हणा.

मेजर, मायनर आणि क्रेडिट

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर असं. 'मेजर' म्हणजे मुख्य विषय आणि 'मायनर' म्हणजे त्याच्या जोडीचा दुसरा विषय. 'इलेक्टिव्ह' म्हणजे यादीतून आपण निवडायचा विषय. 'व्होकेशनल' म्हणजे हाताला काम देणारा, व्यवसायाशी जोडलेला विषय. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर हे शब्द फॉर्मवर आले. मध्य प्रदेशात 2021-22 पासून ते लागू झालं, म्हणून मोठ्या भावंडांनाही हे शब्द नवे वाटतात.

'क्रेडिट' म्हणजे इथे उधारी नव्हे. अभ्यासाचं ते माप आहे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 तासांचं शिकवणं. चार क्रेडिटचा विषय असेल तर 60 तास धरा.

आणखी एक कामाचा शब्द, 'एक्झिट'. एक वर्ष पूर्ण करून थांबावं लागलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, अशी या धोरणाची रचना आहे. घरची अडचण किंवा लग्नामुळे शिक्षण थांबलेल्या मुलींनी हा शब्द लक्षात ठेवावा. त्यांची वर्षं पाण्यात जात नाहीत.

परीक्षा देतो कोण?

मराठीत आपण परीक्षा देतो. हिंदीतही देतो. म्हणून इंग्रजीत सहज निघतं, "आय गेव्ह माय एक्झाम." पण इंग्रजीत 'गिव्ह' शिक्षक करतात. विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतात: "आय टूक माय एक्झाम येस्टरडे." ब्रिटिश इंग्रजीत 'सिट' असंही म्हणतात.

'पासआऊट' तर आपला लाडका शब्द. "मी 2022 ची पासआऊट." जबलपूर लष्कराचं गाव, त्यामुळे 'पासिंग आऊट परेड' आपल्या कानावर असते आणि तिथे तो शब्द बरोबरच आहे. पण एरवी "आय पास्ड आऊट" म्हणजे "मला चक्कर आली, मी बेशुद्ध पडले." मुलाखतीत म्हणा, "आय ग्रॅज्युएटेड इन 2022."

निकालावर हे शब्द दिसले तर घाबरू नका, अर्थ बघा.

• विथहेल्ड : निकाल रोखला आहे. नापास असा याचा अर्थ नाही. बहुतेक वेळा गुण, फी किंवा एखादं कागदपत्र राहिलेलं असतं.

• एटीकेटी : 'अलाउड टू कीप टर्म्स'. एखाद्या विषयात राहिलात, तरी पुढच्या वर्गात बसू शकता. तो विषय पुन्हा द्यायचा.

• बॅकलॉग : सुटायचे राहिलेले विषय.

• ॲबसेंट : गैरहजर. परीक्षा दिली असूनही हे दिसलं, तर हजेरीची नोंद तपासायला सांगा.

• रीटोटलिंग आणि रीव्हॅल्युएशन : पहिल्यात फक्त गुणांची बेरीज पुन्हा करतात, दुसऱ्यात उत्तरपत्रिका पुन्हा तपासतात. फॉर्म भरण्याआधी हा फरक नीट बघा.

'विथ' चं कोडंही सोडवू. जुन्या इंग्रजीत 'विथ' चा एक अर्थ 'विरुद्ध' असाही होता. म्हणून 'विथड्रॉ' म्हणजे मागे घेणे, 'विथस्टँड' म्हणजे विरोधात टिकून राहणे आणि 'विथहोल्ड' म्हणजे रोखून धरणे. एका शब्दाच्या किमतीत तीन!

परदेशी फॉर्म भरताना

आपल्याकडे 'ट्यूशन' म्हणजे संध्याकाळची शिकवणी. अमेरिकेच्या विद्यापीठाच्या फॉर्मवर ट्यूशन म्हणजे शिकवण्याची फी. तिथे 'स्कूल' म्हणजे विद्यापीठसुद्धा असू शकतं. पहिल्या वर्षाला 'फ्रेशमन', दुसऱ्याला 'सॉफमोर', तिसऱ्याला 'ज्युनियर' आणि चौथ्याला 'सीनियर' म्हणतात. 'ट्रान्स्क्रिप्ट' म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र अधिकृत उतारा. तो विद्यापीठाकडून मिळवायला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करा.

'अंडरग्रॅज्युएट' मधल्या 'अंडर' ने कमीपणा मानू नका. पदवीचा अभ्यास सुरू असलेला विद्यार्थी, एवढाच त्याचा अर्थ.

विचारायचं कसं?

खिडकीवर आपण हिंदीतच बोलतो, ते ठीकच आहे. ईमेल मात्र बहुधा इंग्रजीत लिहावा लागतो. आपण पानभर लिहितो आणि शेवटी टाकतो, "काइंडली डू द नीडफुल." वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं तेच कळत नाही. त्याऐवजी चार वाक्यं पुरतात:

"माय रिझल्ट इज विथहेल्ड."

"माय रोल नंबर इज..."

"कुड यू प्लीज टेल मी द रीझन?"

"व्हॉट शुड आय सबमिट, अँड बाय व्हिच डेट?"

काय झालं, मी कोण, कारण काय आणि कधीपर्यंत काय द्यायचं. शेवटच्या वाक्यातली तारीख विसरू नका. माझी लेट फी त्या एका प्रश्नाची होती.

या आठवड्याचा घरचा अभ्यास

आई-बाबांनी मुलांकडून त्यांची मार्कशीट किंवा प्रवेशाचा फॉर्म मागा. रागवायला नाही, वाचायला. न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा आणि मुलांना अर्थ विचारा. त्यांनाही आला नाही तर दोघं मिळून शोधा. आजी-आजोबांनाही बसवा. "आमच्या वेळी मॅट्रिकला..." ही गोष्ट त्या निमित्ताने निघेल.

मुलांनो, तुम्ही एक वाक्य पाठ करा: "सॉरी, आय डोन्ट नो धिस वर्ड. कुड यू एक्स्प्लेन इट?" हे म्हणायला मला लाज वाटली, म्हणून चार दिवस गेले.

मावसबहिणीने मेजरला इतिहास घेतला आहे आणि मायनरला इंग्रजी. काल तिचा मेसेज आला, "ताई, प्रोव्हिजनल ॲडमिशन म्हणजे प्रवेश मिळाला की नाही?" मी लिहिलं, "तात्पुरता मिळाला. राहिलेली कागदपत्रं कधीपर्यंत द्यायची, ती तारीख आजच विचारून ठेव." पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं, "विचारली. शुक्रवार."

भेटूया पुढच्या आठवड्यात, नव्या शब्दांसह!