नाव आपली, पाणी आपलं, पण घरच्या बाईला पोहता येतं का?

एक बातमी तुम्ही मोबाईलवर पाहिली असेल, पण माझ्या डोक्यातून ती अजून जात नाही. गोली श्यामला. वय 52. मूळच्या काकिनाड्याकडच्या, राहतात हैदराबादला. 28 डिसेंबर 2024 ला विशाखापट्टणमहून समुद्रात उतरल्या आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला काकिनाड्याला लागल्या. 150 किलोमीटर! रोज साधारण 30 किलोमीटर पोहायचं. त्याआधी 2021 मध्ये श्रीलंकेहून धनुष्कोडीपर्यंत 13 तास 43 मिनिटांत पोहून आल्या होत्या.

मला मात्र दुसरीच गोष्ट लागली. या बाईंना आधी पाण्याची भीती वाटायची. चाळिशी ओलांडल्यावर पोहायला शिकल्या.

आता आपल्या घरात बघा. सातनाला असो, मत्तडीवागू असो की पैनगंगेचा डोह, पहाटे जाळं उचलायला नवरा-बायको दोघं जातात. एक वल्हं मारतो, एक जाळं ओढते. जाळं जड लागलं, नाव कलंडली, तर गडी पोहून निघेल. बाई? साडी पायात, जाळं हाताला गुंडाळलेलं. मीच बावीस वर्षं बायकोला नावेत बसवतोय, पण पोहायला कधी शिकवलं नाही. विचारलं तर म्हणते, "तुम्ही कधी म्हणलात का?" काय उत्तर देणार!

काही जण म्हणतील, समुद्रात पोहणं वेगळं, आपलं वेगळं. खरं आहे. खारं पाणी अंगाला जास्त उचलतं, आपलं गोडं पाणी तेवढं उचलत नाही. वर तळाशी झाडांची खोडं, गाळ, पावसाळ्यात गेट उघडले की ओढ. म्हणजे आपल्याला जास्तच शिकावं लागेल, कमी नाही.

आणि एक बघा, असं लांबचं पोहणारा माणूस कधी एकटा जात नाही. बाजूला बोट असते, बोटीतून दोरीनं पाण्याची बाटली देतात, दमला की थांबवतात. बोट सांभाळणारा पक्का नसला तर पोहणाऱ्याचं काही खरं नाही. ते काम आपल्यापेक्षा चांगलं कोणाला जमतं? आणि आपण मात्र रात्री एकटे, लाइफ जॅकेटशिवाय तराफ्यावर जातो. अपघातात माणूस गेला तर 5 लाखांचा विमा आहे, तो काढाच. पण तो माणूस गेल्यावरचा हिशोब झाला.

सोसायटीनं एप्रिल-मे महिन्यात, पाणी उतरलेलं असतं तेव्हा, काठाजवळ कंबरभर पाण्यात बाया-पोरींना शिकवायला घ्यावं. खर्च काय? दोन नावा, जाड दोरी, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा, आणि शिकवायला आपल्यातल्याच दोन जाणत्या बाया. पोरं हसतील, हसू द्या.

पुढच्या मीटिंगला मी माझ्या घरची दोन नावं लिहून देतो, बायकोचं आणि थोरल्या पोरीचं.