शिडीचा कोन आणि सरकारचा कान

चार फूट उंचीमागे पाया एक फूट बाहेर, म्हणजे साधारण 75 अंश. शिडी कशी लावावी याचा हा हिशेब जुन्या रंगाऱ्याच्या नजरेत असतो, नवख्याच्या नसतो. अमेरिकेत ‘नायॉश’ या सरकारी संशोधन संस्थेचे मोफत अ‍ॅप त्यासाठीच आहे. फोन शिडीला टेकवला की कोन जमल्याचे तो आवाजाने आणि थरथरीने सांगतो. अ‍ॅप स्पॅनिशमध्येही आहे, कारण तिथल्या बांधकामावर राबणारे अनेक हात स्पॅनिश बोलतात.

तिथे बांधकाम मजुरांचे सर्वाधिक मृत्यू उंचावरून पडूनच होतात. म्हणून 2012 मध्ये कामगार सुरक्षा खाते ‘ओशा’, नायॉश आणि बांधकाम संशोधन केंद्र ‘सीपीडब्ल्यूआर’ यांनी मोहीम उघडली. 2014 पासून दरवर्षी ठेकेदार काम थांबवून मजुरांशी पडण्याच्या धोक्याबद्दल बोलतात.

सरकारची उद्योगांशी गळाभेट म्हटली की शंका येतेच, यावी. पण 2002 पासून ओशा उद्योग-संघटनांशी मिळून सुरक्षेची पत्रके काढण्यासाठी जे ‘अलायन्स’ करार करते, त्यांनी कुणाला तपासणीतून सूट मिळत नाही. पत्रक वेगळे, दंड वेगळा.

आपल्याकडे बांबूच्या परांचीवर चढणारा मजूर बिहार-बंगालचाही असतो. कामगार विभागाने आणि बिल्डरांच्या संघटनांनी मिळून त्याच्या भाषेतले एक चित्रपत्रक तरी काढावे. आणि ते ऑफिसात नव्हे, परांचीच्या पायथ्याशी लावावे.