पहाटेचे हिसके आणि थंड इंजिन

वऱ्हाडची ख्याती उन्हाळ्याची. परंतु याच प्रदेशात पौषातील पहाट चांगलीच गारठते आणि पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. अशा वेळी अमरावतीहून मुक्तागिरीस अथवा अकोल्याहून शिरपूरला दर्शनासाठी निघालेल्या कुटुंबाची मोटार फाटकाबाहेर पडताच हिसके देऊ लागते. पाच-सात मिनिटांत इंजिन तापते, हिसके थांबतात आणि तक्रार विसरली जाते. दुपारी गॅरेजमध्ये नेलेली तीच गाडी निर्दोष ठरते. मग अंदाजाने एखादा सुटा भाग बदलला जातो, पैसे खर्च होतात आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच घडते.

ही केवळ गैरसोय नव्हे. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्याचा विक्रम झाला. अशा सपाट रस्त्यावर वाहने वेगाने धावतात. त्या प्रवाहात शिरताना गाडीने ऐनवेळी मान टाकली, तर मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला सावरण्यास अवधी मिळत नाही.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्याचा काही भाग गार भिंतींना चिकटून राहतो. म्हणून आरंभी इंधन थोडे अधिक द्यावे लागते. जुन्या गाड्यांत हे काम हाताने ओढायचा चोक करीत असे. आता इंजिनातील पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर आणि संगणक ते करतात. धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत मिश्रणातील चूक सुधारणारे कोणी नसते. त्यामुळे तापल्यावर झाकला जाणारा दोष थंडीत उघडा पडतो.

निदानाचा पहिला प्रश्न असा : हिसके नेमके केव्हा येतात? क्लच अर्धवट सोडलेला असतानाच गाडी थरथरत असेल, तर क्लच प्लेट किंवा इंजिनाचे माउंटिंग तपासावे. क्लचवरून पाय पूर्ण काढल्यावरही हिसके चालू राहत असतील, तर दोष ठिणगी, हवा किंवा इंधन यांपैकी एकात शोधावा.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे न्यावी. प्रथम स्पार्क प्लग व एअर फिल्टर पाहावेत, नंतर काजळीने माखलेली थ्रॉटल बॉडी. त्यानंतर हवेच्या रबरी नळ्या. येथील उन्हाळ्यात रबर कडक होऊन तडकते. त्या फटीतून शिरलेली जादा हवा हिवाळ्याच्या पहाटे जाणवते. मग इग्निशन कॉइल, इंधनाचा दाब आणि इंजेक्टर यांकडे वळावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी स्कॅनर लावावा. त्या वेळी पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. हवा १२ अंश आणि पाणी ८० अंश दिसत असेल, तर संगणकाला इंजिन तापलेले वाटते व तो इंधन आखडता घेतो. तेथे सेन्सर अथवा त्याची तार दोषी ठरते.

सीएनजीच्या बहुतेक गाड्या आरंभी पेट्रोलवर चालतात आणि तापल्यावर गॅसवर जातात. हिसका त्या बदलाच्या क्षणीच बसतो काय, हे ध्यानात ठेवावे. टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेले पेट्रोलही त्रास देते. डिझेल गाडीत मात्र फलकावरील कॉइलचा दिवा विझल्यावरच इंजिन सुरू करावे.

आणखी एक कारण वऱ्हाडात सर्रास आढळते. उबेसाठी बॉनेटखाली शिरलेले उंदीर तारा व नळ्या कुरतडतात. त्यावर विष अथवा चिकट सापळा हा उपाय नव्हे. गाडीजवळ धान्य व खरकटे ठेवू नये, खालील उघड्या जागांना जाळी बसवावी आणि गाडी फार दिवस एका जागी ठेवू नये. तेथे मांजरीची पिलेही निजलेली असतात. म्हणून किल्ली फिरवण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. जीवही वाचतो आणि इंजिनही.

बंद गॅरेजमध्ये इंजिन तापवत ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो प्राणघातक असतो. इंजिन सुरू करून अर्धा-एक मिनिट थांबावे, मग पहिले काही किलोमीटर सौम्य वेगाने चालवावे. दुरुस्तीसाठी गाडी आदल्या संध्याकाळीच कारागिराकडे ठेवावी आणि पहाटे त्याच्यासमोरच ती सुरू करावी. थंडीतील दोष थंडीतच दाखवला, तर निदान अचूक होते आणि अनावश्यक खर्चही टळतो.