गप्पांना वेळ द्या

गेल्या महिन्यात आमच्या सायकल गटात एक सूचना आली. रविवारच्या फेरीतला न्याहारीचा थांबा वीस मिनिटांवर आणावा, आणि तेवढ्या वेळात बोलायचंच झालं तर सायकलबद्दल बोलावं. टायरमधली हवा, चढावरचा गिअर, पुढच्या बीआरएमची, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, तयारी. घरभाडं, मुलांच्या परीक्षा, सिनेमा, निवडणूक हे विषय घरी ठेवून यावेत. सूचना करणारा मुलगा मेहनती आहे. त्याला ६०० किलोमीटरची बीआरएम ४० तासांच्या मुदतीत पूर्ण करायची आहे, आणि इडलीच्या टेबलाभोवती जाणारा वेळ त्याला सरावातून कापल्यासारखा वाटतो. त्याची तळमळ मला कळते. तरीही मी विरोध केला. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सगळीकडे आज सायकलींचे गट आहेत, आणि हा प्रश्न आज ना उद्या त्यांच्यापुढेही येणार आहे. म्हणून माझी कारणं सविस्तर मांडते.

आम्ही बंगळुरूमधल्या कोरमंगलाचे. रविवारी पहाटे सोनी वर्ल्ड सिग्नलपाशी जमतो. तिथून कधी होसूर रस्त्याने चंदापुरा, आनेकल करत मुत्यालमडुवूपर्यंत जातो, कधी अख्खं शहर ओलांडून नंदी हिल्सकडे. परतताना एखाद्या दर्शिनीत थांबतो. दर्शिनी म्हणजे उभ्याने खाण्याचं हॉटेल. छातीइतक्या उंच गोल टेबलावर ताटली ठेवायची. खाराबात, केसरीबात, इडली-वडा, आणि एका कॉफीचे दोन पेले करून घ्यायची बाय-टू. खुर्च्या नसल्यामुळे कोणाची जागा ठरलेली नसते. शेजारी जो येऊन उभा राहील त्याच्याशी बोलणं सुरू होतं, आणि ते सायकलवर फार वेळ टिकत नाही.

ते टिकू नये असंच मला वाटतं. कारण कोरमंगलात एकमेकांशी बोलण्याची दुसरी सोय फारशी उरलेली नाही. इथे सत्तर-ऐंशीच्या दशकात प्लॉट घेऊन घर बांधलेली निवृत्त मंडळी आहेत. २००७ मध्ये फ्लिपकार्ट याच भागातल्या एका घरात सुरू झाली, आणि पुढे अशा नव्या कंपन्यांबरोबर देशभरातली तरुण मुलं इथे आली. ती पीजीत राहतात, रात्री उशिरा परततात, जेवण मोबाइलवरून मागवतात. एकाच गल्लीत राहणाऱ्या या दोन पिढ्यांची गाठ एरवी पडते ती पार्किंगवरून वाद झाला तरच. आमच्या गटात ती दर रविवारी पडते. घरमालकाने दहा महिन्यांचं भाडं अनामत मागितल्यावर करारात काय लिहून घ्यावं, हे एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने कॉफी पिता पिता नव्याने आलेल्या मुलीला समजावलं. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या तेव्हा टँकर कुठून मिळतो, किती दराने मिळतो आणि इमारतीत पाणी कसं वाटून घ्यावं, हे आम्ही त्याच टेबलावर बोललो. आणि २०१७ पासून रखडलेला इजीपुरा उड्डाणपूल हा तर आमचा कायमचा विषय. यातलं काहीच सायकलबद्दल नव्हतं, आणि यातल्या प्रत्येक बोलण्याने कोणाचं तरी काम सोपं झालं.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो. नव्या नोकरीची खबर माणसाला बहुतेक वेळा जिवलग मित्राकडून मिळत नाही, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मिळते, असं त्याला आढळलं. कारण जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळातली माहिती आणतो. ज्या शहरात नोकरी शुक्रवारी जाते आणि घरचे हजार किलोमीटरवर असतात, तिथे अशा ओळखींचं मोल किती, हे मी आमच्या गटात पाहिलं आहे. पण ओळख होण्यासाठी आधी नोकरी गेल्याचं सांगता आलं पाहिजे. टायरच्या चर्चेत ते कोणी सांगत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मूळची सांगलीची. माझ्या खोलीत रुग्ण समोर बसतो आणि गुडघा दाखवतो. त्याच गुडघ्यामागे झोप लागत नाही ही तक्रार असते, ती बाहेर यायला अनेक भेटी लागतात. सायकलवर हे लवकर होतं. दोघंही पुढे रस्त्याकडे पाहत असतात, कोणी कोणाचा चेहरा वाचत नसतो, आणि मधली शांतता अवघडल्यासारखी वाटत नाही, कारण पाय चालू असतात. विशेषतः पुरुष समोरासमोर बसून जे बोलत नाहीत ते आनेकलच्या रस्त्यावर बोलून जातात.

शरीरशास्त्रही गप्पांच्या बाजूने आहे. व्यायाम मध्यम तीव्रतेचा आहे की नाही हे ओळखायची आमच्या धंद्यातली सर्वांत साधी कसोटी म्हणजे टॉक टेस्ट. श्वास न तुटता पूर्ण वाक्यं बोलता येत असतील तर वेग योग्य आहे, दोन-तीन शब्दांनंतर धाप लागत असेल तर तो जास्त आहे. लांब पल्ल्याची क्षमता वाढवायची तर बराचसा सराव या बोलता येईल अशा वेगानेच करावा, असं प्रशिक्षकही सांगतात. तेव्हा त्या तरुण मित्राला माझं सांगणं आहे, की तू सोबतच्या माणसाशी त्याच्या गावाबद्दल बोलत सायकल चालवलीस तर तुझा सराव बुडत नाही, उलट नेमका होतो.

आणि बीआरएमचंच बोलायचं तर ४०० आणि ६०० किलोमीटरमध्ये रात्र येते. पहाटे तीनला डोळे मिटायला लागतात तेव्हा शेजारी बोलणारा माणूस असणं ही सुरक्षिततेची गोष्ट असते. रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. या शर्यतीत स्वाराबरोबर मदतनिसांची गाडी असते. त्या मदतनिसांच्या कामांत रात्री स्वाराला बोलतं ठेवणं हेही एक काम असतं. तिथे कोणी गिअरवर व्याख्यान देत नाही. घरचं, जुन्या गाण्यांचं, आवडीच्या जेवणाचं बोललं जातं.

गटाने चालवायचं म्हणजे पुढच्या चाकामागे हातभर अंतरावर आपलं चाक ठेवायचं. वारा पुढचा माणूस झेलतो, मागच्याची ताकद बऱ्यापैकी वाचते, मग पाळी बदलते. पुढच्याने अचानक ब्रेक लावला तर मागचे चार जण पडतात. इतक्या जवळून जायला विश्वास लागतो, आणि माणूस कसा आहे हे कळल्याशिवाय तो येत नाही. कोण घाईने बोलतं, कोण ऐकून घेतं, कोणाचं आज मन ठिकाणावर नाही, हे मला टेबलावर कळतं आणि रस्त्यावर उपयोगी पडतं. ज्याची आई रुग्णालयात आहे त्याला त्या दिवशी पुढे ठेवू नये, हे शहाणपण गप्पांतूनच येतं.

भारतीय सायकलपटूंच्या इतिहासातली एक मोठी गोष्टही अशाच दुसऱ्या विषयाच्या मंडळीतून निघाली. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून मार्च १९२८ मध्ये परतले. हे तरुण एकत्र आले होते बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबात. वजनं उचलायला जमलेल्या मुलांनी आपसांत फक्त वजनांबद्दलच बोलावं असा नियम तिथे असता, तर?

आता आक्षेपांकडे वळते. गप्पांत भांडणं होतात हे खरं आहे. भाषेवरून, धर्मावरून, पक्षावरून आमच्या टेबलावर आवाज चढलेले मी ऐकले आहेत. सांगलीच्या बाईसमोर बेळगावचा विषय निघाला तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. पण त्या दिवशी वाद घालणारा धारवाडचा गृहस्थ परतीच्या वाटेवर मडिवाळाच्या गर्दीत माझ्या उजव्या बाजूने राहिला, जेणेकरून बस माझ्या अंगावर येऊ नये. माझं कन्नड मी त्याच्याकडून शिकले, आणि आता सीमाप्रश्नावर माझं म्हणणं मी त्याला त्याच्या भाषेत सांगते. मतभेद मिटले नाहीत. ते मिटावेत म्हणून आम्ही भेटतही नाही. ज्याच्याशी मतभेद आहे त्याच्यासोबत दर रविवारी रस्ता कापता येतो, हे शिकणं आजच्या दिवसांत मला फार मोलाचं वाटतं. नियम करायचाच असेल तर एवढा करावा, की जो हजर नाही त्याच्याबद्दल वाईट बोलू नये आणि कोणाच्या जातीधर्मावर बोट ठेवू नये.

दुसरा आक्षेप कोणी घेतला नाही, तो मीच घेते. या गप्पांत बायका कमी असतात. फेरी संपली की पुरुष निवांत दुसरी कॉफी मागवतात, आणि बहुतेक जणी घरच्या न्याहारीसाठी निघून जातात. पुढच्या फेरीचा मार्ग, नव्या सदस्यांची ओळख, सहलीचे दिवस हे सगळं त्या दुसऱ्या कॉफीवर ठरतं. गेलेलीला ते नंतर कळतं. म्हणून माझी मागणी गप्पा कमी करण्याची नाही. फेरीच दहा किलोमीटरने लहान करा, थांबा लवकर घ्या, आणि घरची न्याहारी एक रविवार दुसऱ्या कोणीतरी करावी.

शहराकडेही मागणं आहे. २०२० मध्ये आउटर रिंग रोडवर सायकलसाठी वेगळी पट्टी आखली गेली होती. खांब मोडले, दुचाक्या शिरल्या, आणि पट्टी नाहीशी झाली. ती टिकली असती तर दोन माणसं शेजारी शेजारी बोलत कामावर जाऊ शकली असती. आज होसूर रस्त्यावर आम्ही फक्त ओरडून खड्डे सांगतो. पट्ट्या पुन्हा आखा, त्यांची राखण करा. दर्शिनीबाहेर सायकली लावायला लोखंडी कठडे आणि पदपथावर चार बाक द्या. उड्डाणपुलाच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

आणि आमच्यासारख्या गटांनी महिन्यातून एक फेरी अशी ठेवावी, जिथे सर्वांत हळू चालवणाऱ्याच्या वेगाने सगळे जातील आणि थांब्याला घड्याळ नसेल. वेगवान मुलांसाठी बाकीचे रविवार आहेतच, त्यांच्या तयारीला मी गुडघ्यांपासून आहारापर्यंत सगळी मदत करीन. नव्याने आलेल्याला सायकल केवढ्याची हे विचारण्याआधी तो कुठला, घरी कोण असतं, इथे करमतं का, हे विचारा. पंक्चर झालेल्या माणसासाठी भर उन्हात जो थांबतो, तो त्याच्या सायकलसाठी थांबत नाही. आपल्याला त्या माणसाची माहिती असते, काळजी असते, म्हणून आपण थांबतो. ही काळजी रुजायला जो पाऊण तास लागतो तो आमच्या रविवारमधून काढून घेऊ नका.